भंगारातील किरण : लेझरचा पहिला पाठ

मूल, ब्रह्मपुरी, वडसा, आलापल्ली अशा कोणत्याही गावी भंगारवाल्याच्या दुकानापाशी अंमळ थांबून पाहावे. तुटक्या सायकली, फुटके पंप आणि गंजलेले पत्रे यांच्या राशीत एखादी चपटी, पत्र्याची, पुस्तकाएवढी पेटी बहुधा दृष्टीस पडते. ही पेटी म्हणजे संगणकातील चकतीयंत्र होय. गाणी, चित्रपट आणि अभ्यासाचे पाठ ज्या चकचकीत चकत्यांवर साठविलेले असत, त्या वाचण्याचे काम हे यंत्र करीत असे. पुढे ते काम पेनड्राइव्हने आणि मोबाईलने आपल्याकडे घेतले, आणि ही यंत्रे किलोच्या भावाने विकली जाऊ लागली. परंतु भंगारवाला ज्या पेटीला लोखंडाचा भाव देतो, तिच्या पोटात मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक स्फटिक असतो, आणि त्यातून लेझरचा किरण निघतो.

आमचा हा प्रदेश, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याचे आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळे झालेले गडचिरोली, अरण्याने समृद्ध आहे. पण येथील पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळा रित्या आहेत. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचे व्यतिकरण आणि विवर्तन यांवर प्रकरणे असतात, विद्यार्थी ती पाठ करितात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. कारण त्यांनी ती कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नसतात. अशा स्थितीत टाकाऊ यंत्रातून प्रयोगाचे साहित्य मिळत असेल, तर ते कोणाला नको आहे? म्हणूनच 'आम्हांस भंगारातून लेझर करावयास शिकवा', अशी मागणी विद्यार्थ्यांकडून वारंवार येते, आणि तीच पुरविण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

परंतु आरंभीच एक प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने जुन्या गाण्याच्या यंत्रातून डायोड काढून त्याला विजेची जोडणी केली. उजेड पडला की नाही हे त्यास कळेना; एक मंदसा, विझू पाहणाऱ्या निखाऱ्यासारखा तांबडा ठिपका काय तो दिसत होता. 'बहुधा बिघडला असावा,' असे म्हणून तो डोळा जवळ नेऊन आत डोकावू लागला. सुदैवाने आम्ही शेजारीच उभे होतो, आणि तारा खेचून काढण्यास क्षणभराचाही उशीर झाला नाही. तो डायोड बिघडला नव्हता. तो पूर्ण बळाने प्रकाश टाकीत होता. तो प्रकाश मानवी डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, इतकेच. त्या दिवसापासून आम्ही हा पाठ उलट्या क्रमाने शिकवितो. आधी किरण आवरावयास शिकावे, मग तो निर्माण करावा.

लेझर म्हणजे काय

दिव्याच्या ज्योतीतून निघणारा प्रकाश हा जत्रेतून परतणाऱ्या लोकांच्या घोळक्यासारखा असतो. जो तो आपल्या वाटेने, आपल्या चालीने निघतो. लेझरचा प्रकाश हा कवायतीच्या तुकडीसारखा असतो. सर्वांची दिशा एक, पाऊल एक आणि अंतरही एकच. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी असे दाखविले की, उत्तेजित झालेल्या अणूवर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला असता तो अणू हुबेहूब तसाच प्रकाश सोडतो. एकाचे दोन होतात. या उद्दीपित उत्सर्जनाचा उपयोग करून, दोन आरशांमध्ये प्रकाश पुनःपुन्हा खेळवून, १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. पुढे १९६२ साली अर्धवाहक स्फटिकातून लेझर काढण्यात अमेरिकेतील शास्त्रज्ञांना यश आले, आणि आपल्या चकतीयंत्रातील डायोड हा त्याच अर्धवाहक लेझरचा वंशज आहे.

या इतिहासात महाराष्ट्रात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचेही नाव आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. १९३८ साली बारामती येथे जन्मलेले चंद्रकुमार पटेल हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेले, आणि तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर शोधून काढला. पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत अनेक कामी तो वापरला जातो. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे, म्हणजे तोही डोळ्याला मुळीच दिसत नाही. लेझरचे बळ आणि लेझरचे दिसणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेच पक्के लक्षात ठेवावे.

पेटीच्या आत काय असते

चकतीयंत्रे मुख्यतः तीन जातींची आढळतात. पहिली कॉम्पॅक्ट डिस्कची. ती १९८२ साली बाजारात आली; तिचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अवरक्त, जवळजवळ अदृश्य. दुसरी डीव्हीडीची, १९९६ सालची; तिचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, स्वच्छ तांबडा. तिसरी ब्लू-रेची, २००६ सालची. तिचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, जांभळा. तरंगलांबी जसजशी कमी, तसतसा प्रकाशाचा ठिपका बारीक करिता येतो, आणि चकतीवर रेषा अधिक दाट लिहिता येतात. कॉम्पॅक्ट डिस्कवर दोन रेषांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते, डीव्हीडीवर ०.७४, आणि ब्लू-रेवर ०.३२. म्हणूनच एकाच आकाराच्या, १२० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पहिलीत सुमारे ७०० मेगाबाइट, दुसरीत ४.७ गिगाबाइट आणि तिसरीत २५ गिगाबाइट मजकूर मावतो.

याहून महत्त्वाचा भेद वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या यंत्रांचा आहे. केवळ वाचणाऱ्या डीव्हीडी यंत्रातील तांबडा डायोड साधारणतः पाच ते दहा मिलिवॉटांचा असतो. लिहिणाऱ्या यंत्राला मात्र चकतीवरील रंगद्रव्य तापवून खूण उमटवावी लागते, म्हणून त्याचा डायोड शंभर मिलिवॉटांहून अधिक बळाचा असू शकतो. तो आगपेटीची काडी पेटवू शकतो, आणि म्हणूनच मुलांना त्याचा मोह पडतो. नवशिक्याने त्याला हात लावू नये. आणखी एक जात फसवी आहे. जे यंत्र डीव्हीडी फक्त वाचते पण कॉम्पॅक्ट डिस्क लिहूही शकते, त्यात दुर्बळ तांबड्या लेझरच्या शेजारी बलवान अदृश्य लेझर असतो. पेटीवरील लेबल वाचल्याशिवाय पेचकस उचलू नये, हा पहिला नियम होय. लेबलावर 'आरडब्ल्यू' वा 'रायटर' असे काहीही आढळले, तर ती पेटी बाजूस ठेवावी.

याच पेटीवर 'क्लास १' असेही छापलेले पुष्कळदा आढळते, आणि ते वाचून विद्यार्थी म्हणतात, 'हे तर निरुपद्रवी!' हा समज चुकीचा आहे. पेटी बंद आहे, किरण आतच राहतो, तोवर ती निरुपद्रवी, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. झाकण काढले की ते प्रमाणपत्र संपले. टोपलीत झाकलेला नाग आणि टोपलीबाहेरचा नाग यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

भय कशाचे

डोळ्याचे भिंग समोरून आलेला समांतर किरण गोळा करून दृष्टिपटलावर अत्यंत सूक्ष्म ठिपक्यात आणते. त्यामुळे बाहुलीपाशी असलेली प्रखरता दृष्टिपटलावर सुमारे एक लक्ष पटींनी वाढते. एका मिलिवॉटाचा किरण थेट डोळ्यात शिरला, तर त्या ठिपक्याची प्रखरता भर दुपारच्या सूर्याकडे टक लावण्याहून कमी नसते. प्रखर प्रकाश दिसताच पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते, आणि एका मिलिवॉटापर्यंत हे मिटणे आपणांस वाचविते. त्यापुढे पाव सेकंद हाच फार मोठा काळ ठरतो. अदृश्य किरणाच्या बाबतीत तर पापणी मिटतच नाही, कारण तिला सावध करणारा उजेडच नसतो. शिवाय दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. जळत असतानाही दुखत नाही, आणि जळल्यावर नजरेच्या मध्यभागी एक काळा डाग उरतो, जिकडे पाहावे तिकडे पुढे येणारा. जळालेले दृष्टिपटल पुन्हा उगवत नाही.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. २०२३ सालच्या गणेशविसर्जनानंतर नाशिक येथे मिरवणुकीतील लेझरझोतांमुळे काही तरुणांच्या दृष्टिपटलास इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांना आढळले, आणि २०२४ साली पुण्याच्या पोलिसांनी गणेशोत्सवात अशा झोतांना मनाई केली. ते तरुण प्रयोग करीत नव्हते, केवळ मिरवणूक पाहत होते. आमच्या जिल्ह्यांत तर अडचण याहून मोठी आहे. सिरोंचा किंवा भामरागड येथून गडचिरोली शहर गाठावयाचे, तरी दीडशेहून अधिक किलोमीटरांची वाट तुडवावी लागते. ज्या मुलाने घरातील सर्वांच्या आशा आपल्या शिक्षणावर लावून घेतल्या आहेत, त्याने एका तांबड्या ठिपक्याच्या कौतुकापायी डोळा गमावावा, ही गोष्ट आम्हांस कल्पनेतही सहन होत नाही.

कृती

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. शिक्षक समोर असल्याशिवाय पुढील काहीही करू नये. ज्यांना असा आधार नाही, त्यांनी खालील मजकूर वाचून समजून घ्यावा, आणि चकतीचे मोटर, चुंबक व भिंग यांवर समाधान मानावे. त्यांतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

यंत्र संगणकातील असावे. दूरदर्शनसंचाला जोडण्याच्या मोठ्या डीव्हीडी यंत्रात २३० व्होल्टांचा विद्युत्पुरवठा असतो, आणि त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले राहून झटका देतात. संगणकातील चकतीयंत्राला केवळ ५ आणि १२ व्होल्ट लागतात, म्हणून ते उघडण्यास सुरक्षित. खालचे चार स्क्रू काढले, पत्रा उचलला, की दोन पोलादी दांड्यांवर सरकणारी एक लहानशी गाडी दिसते. तिच्या डोक्यावर दोन चिमुकल्या चुंबकांमध्ये तरंगणारे भिंग असते, आणि गाडीच्या कडेला धातूच्या टोपीत बसविलेला डायोड असतो.

डायोडाचा पहिला शत्रू म्हणजे आपले अंग. थंडीच्या कोरड्या दिवसांत लोकरीचा सदरा काढताना जी ठिणगी उडते, तिच्या सहस्रांश विजेनेही हा स्फटिक मरतो, आणि मेल्याचे बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काम करण्यापूर्वी जमिनीत गाडलेल्या नळास किंवा पाण्याच्या पाइपास हात लावावा, डायोडाचे पाय एका बारीक तारेने एकमेकांस गुंडाळून ठेवावेत, आणि जोडणी पुरी झाल्यावरच ती तार सोडवावी.

दुसरा शत्रू म्हणजे अनियंत्रित प्रवाह. साध्या दिव्याला अधिक बॅटऱ्या लावल्या तर तो अधिक उजळतो. लेझर डायोडाला अधिक प्रवाह मिळाला तर तो क्षणात जळतो. म्हणून त्याला व्होल्ट नव्हे, तर ठरीव प्रवाह द्यावा लागतो. यासाठी 'एलएम ३१७' नावाचा तीन पायांचा स्वस्त नियंत्रक पुरेसा आहे. त्याच्या बाहेर जाणाऱ्या आणि जुळवणीच्या पायांमध्ये एक रोध जोडावा, आणि प्रवाह जुळवणीच्या पायापासून घ्यावा. या दोन पायांत तो नेहमी १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून १.२५ ला रोधाच्या ओहमांनी भागले की प्रवाह मिळतो. ५६ ओहम लावले तर सुमारे २२ मिलिअँपिअर, ३९ लावले तर ३२. पुरवठ्यासाठी दीड व्होल्टाच्या चार बॅटऱ्या, म्हणजे ६ व्होल्ट पुरतात. भिंतीतल्या विजेचा ॲडॉप्टर वापरू नये. चालू-बंद होताना तो झटका देतो.

ही जोडणी तयार झाली तरी खरा डायोड लगेच लावू नये. आधी त्याच्या जागी तीन साधे सिलिकॉन डायोड एकापुढे एक जोडून, त्यांच्यासोबत १ ओहमाचा एक रोध लावावा. तीन डायोडांवर मिळून सुमारे दोन व्होल्ट पडतात, म्हणजे नियंत्रकाला लेझरच जोडला आहे असे वाटते. आता एक ओहमाच्या रोधावर मीटरने जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितकेच मिलिअँपिअर प्रवाह वाहत आहे. गणित आणि मीटर यांचे उत्तर जुळले तरच पुढे जावे. ओहमचा नियम कशासाठी शिकतात हे या क्षणी जितके कळते, तितके दहा उदाहरणे सोडवूनही कळत नाही.

लेझर डायोडाला तीन पाय असतात. एक समाईक, एक लेझरचा, आणि एक आतील प्रकाशमापक डायोडाचा. मीटरच्या डायोड खुणेवर प्रकाशमापकाचे अर्ध्या-पाऊण व्होल्टाच्या आसपास, तर तांबड्या लेझरचे दीड व्होल्टाहून अधिक वाचन येते. पुष्कळ यंत्रांत तांबडा आणि अवरक्त असे दोन्ही लेझर एकाच टोपीत असतात. पाय चुकला तर अदृश्य लेझर लागतो. म्हणून प्रथम वीज देताना किरणाचे तोंड काळ्या, खरबरीत पुठ्ठ्याकडे करावे, आणि त्या पुठ्ठ्याकडे डोळ्याने नव्हे, तर मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावे. अवरक्त ठिपका कॅमेऱ्यात बहुधा जांभळट पांढरा दिसतो. तसा दिसताच वीज तोडावी.

आरंभ ५६ ओहमांच्या रोधाने करावा, आणि प्रत्येक वेळी वीज बंद करूनच तो बदलून प्रवाह थोडाथोडा वाढवावा. प्रथम डायोड एखाद्या साध्या तांबड्या दिव्यासारखा मंद चमकतो. तोवर तो लेझर नव्हे. एका ठरावीक प्रवाहाला उजेड एकदम वाढतो, आणि कागदावरील ठिपक्यात वाळूच्या कणांसारखी चमचम दिसू लागते. हीच कवायतीच्या तुकडीची खूण. घोळक्याची तुकडी झाली ती याच क्षणी. त्या प्रवाहाला उंबरठ्याचा प्रवाह म्हणतात. उंबरठा ओलांडताच थांबावे. आणखी उजेडाची हाव धरू नये.

येथे आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. डायोड तापला की त्याचा उंबरठाही वर चढतो, आणि त्याच प्रवाहाला उजेड कमी पडतो. विद्यार्थी दुपारी उजेड कमी झाला म्हणून प्रवाह वाढवितो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात उंबरठा खाली आलेला असतो, आणि तोच वाढीव प्रवाह डायोडाला झेपत नाही. म्हणून जुळवणी नेहमी सकाळच्या थंड वेळी करावी, आणि डायोड ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यात घट्ट बसवावा, म्हणजे उष्णता वाहून जाईल.

शेवटी हा सारा संच लाकडी फळीवर कायम ठोकून टाकावा. हातात धरण्याची कांडी करू नये; फळीवरचा किरण जेथे लावला तेथे राहतो, हातातला कोठेही जातो. किरणाची उंची बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर नसावी. त्याच्या वाटेच्या शेवटी काळा पुठ्ठा असावा. घड्याळ, अंगठी, ताटली अशा चकाकणाऱ्या वस्तू टेबलावरून दूर कराव्यात. खोलीत उजेड ठेवावा, कारण अंधारात बाहुली रुंदावते आणि अधिक प्रकाश आत घेते. बटणाची चावी शिक्षकांच्या खिशात असावी.

या किरणाचे काय करावे

एवढी खटपट केवळ ठिपका पाहण्यासाठी नव्हे. ज्या चकतीसाठी तो लेझर जन्मला, तीच आता त्याच्यासमोर धरावी. चकतीवरील रेषा म्हणजे उत्तम विवर्तन-जाळी होय. पुठ्ठ्याच्या लहान छिद्रातून किरण चकतीवर सरळ पाडला, तर परतलेल्या प्रकाशाचे मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस ठिपके उमटतात. चकती आणि पुठ्ठा यांत ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर पहिला ठिपका मध्यापासून सुमारे २२ सेंटिमीटरांवर पडतो, म्हणजे कोन सुमारे २४ अंश. आता रेषांतील अंतर गुणिले कोनाची ज्या बरोबर तरंगलांबी, या सूत्रात ६५० नॅनोमीटर घातले की १.६ मायक्रोमीटर हे उत्तर आपसूक येते. म्हणजे एका मिलिमीटरात ६२५ रेषा. शेतकरी जसा नांगराच्या तासांवरून शेताची नांगरट ओळखतो, तशी आपण पट्टीच्या साहाय्याने, डोळ्यास न दिसणारी नांगरट मोजली! डीव्हीडी लावली तर कोन ६१ अंशांपर्यंत जातो, आणि १० सेंटिमीटरांवरही ठिपका १८ सेंटिमीटर दूर पडतो. मात्र ध्यानात ठेवावे की, हे बाजूचे ठिपकेही किरणच आहेत. कॉम्पॅक्ट डिस्कचा दुसरा ठिपका ५४ अंशांवर, शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या दिशेने जातो. म्हणून दोन्ही बाजूंस पुठ्ठ्याच्या भिंती आधी उभ्या कराव्यात.

दुसरा प्रयोग केसाचा. आपल्या डोक्याचा एक केस किरणात आडवा ताणून दोन मीटरांवरील कागदावर पाहावे. प्रकाशाचा एक ठिपका न दिसता उजेड-अंधाराची माळ दिसते. लगतच्या दोन अंधारांतील अंतर १.९ सेंटिमीटरांच्या जवळ असेल, तर केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर. अंतर अधिक असेल, तर केस त्याहून बारीक. वस्तू जितकी बारीक तितकी तिची माळ रुंद, हे विवर्तनाचे वैशिष्ट्य या प्रयोगाने कायमचे मनात ठसते.

तिसरा प्रयोग ध्वनीचा. सौर दिव्याची लहान पट्टी ध्वनिवर्धकाला जोडून किरण तिच्यावर पाडावा, आणि किरणाच्या आड एक कंगवा सरकवावा. दात्यादात्यागणिक प्रकाश तुटतो, आणि ध्वनिवर्धकातून सूर उमटतो. कंगवा भरभर सरकविला की सूर चढतो. प्रकाशावर ध्वनी वाहून नेण्याची ही कल्पना ग्रॅहॅम बेल यांनी १८८० सालीच सिद्ध केली होती. आणि १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या तुर्भे येथील अणुशास्त्रज्ञांनी स्वतः बनविलेल्या अर्धवाहक लेझरच्या किरणावरून कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेशी संपर्क साधला होता. आज गावोगावी आलेल्या काचतंतूंच्या तारांतून लेझरचाच प्रकाश संदेश वाहून नेतो.

आमच्या अरण्यातही लेझर कामाला लागलेला आहे. वाघांच्या गणनेबरोबर त्यांच्या भक्ष्याची, म्हणजे चितळ-सांबर-रानडुकरांची मोजणी करावी लागते. त्यासाठी वनरक्षक ठरावीक रेषेवरून चालत जातात आणि प्राणी दिसताच लेझर-अंतरमापकाने त्याचे अंतर टिपतात. प्रकाशाला जाऊन परत येण्यास जो काळ लागतो त्यावरून अंतर कळते. तीस मीटरांसाठी तो काळ एका सेकंदाच्या पन्नास लक्षांश इतका अल्प असतो. ताडोबाच्या वाटेवर असे उपकरण कोणाच्या हाती दिसले, तर त्यामागील पदार्थविज्ञान तुम्हांस ठाऊक असावे, अशी आमची इच्छा आहे. पण ते उपकरण डोळ्यास सुरक्षित अशा मर्यादेत बनविलेले असते. तुमचा फळीवरचा किरण तसा नाही. तो प्राण्यांवर, वाहनांवर वा विमानावर कधीही टाकू नये. बाजारातील स्वस्त किरणकांड्यांवर छापलेला मिलिवॉटांचा आकडाही पुष्कळदा खोटा असतो. त्यावर विसंबू नये.

उरलेल्या भंगाराविषयी

डायोड, भिंग, मोटर आणि चुंबके काढून घेतल्यावर हिरव्या पाट्या आणि तारा उरतात. तांबे मिळविण्यासाठी त्या जाळू नयेत. तो धूर विषारी असतो, आणि सोल्डरात शिसे असू शकते. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, व उरलेले सर्व विद्युत्कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवावे. अशा कचऱ्याविषयी केंद्र सरकारचे २०२२ सालचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. शाळेने वर्षभर एका पेटीत हा कचरा साठवून एकदम पाठविला, तर ते काम सहज होते.

असो. लेख लांबला, पण सांगणे थोडेच आहे. भंगारातून लेझर करणे कठीण नाही. चार बॅटऱ्या, एक नियंत्रक, एक रोध आणि एक डायोड, एवढेच त्याचे साहित्य. कठीण आहे ती शिस्त, आणि ती कोणत्याही भंगारवाल्याकडे मिळत नाही. प्रारंभी ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली, त्याने पुढे हाच संच फळीवर ठोकून, बाजूस पुठ्ठ्याच्या भिंती उभारून, आपल्याच केसाची जाडी मोजली, आणि नंतर वर्गातील प्रत्येकाची मोजून देऊ लागला. चावी मात्र तो दर वेळी स्वतः होऊन आमच्या हाती आणून देत असे. तुम्हीही तसेच करावे, हीच विनंती.